चिघळलेली जन्मखूण आणि लेसरची वेळ : एका तान्ह्या मुलीचं प्रकरण

पार्श्वभूमी

ओळख पटू नये म्हणून गाव आणि घरचे काही तपशील बदलले आहेत. मुलगी दक्षिण महाराष्ट्रातली, आईवडिलांचं दुसरं अपत्य. जन्म ३५व्या आठवड्यात, वजन १.९ किलो. वडील ट्रॅक्टरवर चालक, मोठा भाऊ बालवाडीत. बाळंतपण आईच्या माहेरी, तालुक्याच्या गावापासून थोडं आत.

जन्मली तेव्हा अंगावर काही दिसलं नव्हतं. बारशाच्या सुमारास न्हाऊ घालणाऱ्या बाईंच्या लक्षात आलं की उजव्या कुल्ल्यावर, गुदद्वाराच्या कडेपासून पुढे योनीच्या बाहेरच्या घडीपर्यंत, फिकट गुलाबी पट्टा उठलाय आणि त्यात लाल ठिपके आहेत. "लासं आहे, काही होत नाही," आजी म्हणाल्या. आईला मात्र रुखरुख लागली, कारण गरोदरपणात ग्रहणात तिने विळीवर भाजी चिरली होती आणि ते सासरी कुणाला तरी नेमकं आठवलं. हे तिने आम्हाला पहिल्या भेटीत नाही, बऱ्याच उशिरा सांगितलं. ग्रहणाचा याच्याशी काही संबंध नाही. अपुरे दिवस, कमी वजन आणि मुलगी असणं, या तिन्ही गोष्टींत असा डाग, म्हणजे हिमँजिओमा, जास्त आढळतो एवढं माहीत आहे, आणि तिच्या बाबतीत तिन्ही होत्या.

हिमँजिओमा म्हणजे रक्तवाहिन्यांच्या पेशींची साधी, कॅन्सर नसलेली गाठ. शंभरातल्या चार-पाच बाळांना ती होते. जन्मल्यावर थोड्या दिवसांनी दिसू लागते, पाचव्या ते सातव्या आठवड्यात सगळ्यात झपाट्याने वाढते, बहुतेकांची वाढ पाच महिन्यांपर्यंत आटोपते. वर्षाच्या सुमारास उतार लागतो आणि चार वर्षांपर्यंत ती बरीचशी ओसरते. दीड महिन्याच्या लसीला नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी हेच सांगितलं: हे डाग आपोआप जातात, काही लावू नका. सर्वसाधारणपणे बरोबर. पण हा डाग लंगोटाच्या जागी होता, एका भागाला धरून पसरलेला होता आणि त्या आठवड्यात वाढीच्या भरात होता. मोठ्या केंद्रांकडे पाठवलेल्या हिमँजिओमांपैकी साधारण १६ टक्के चिघळतात असं २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत आढळलं. खालचा ओठ, मान आणि लंगोटाची जागा ही त्यातली बदनाम ठिकाणं.

अडीच महिन्यांच्या लसीपर्यंत तिथे जखम झाली होती.

आमच्याकडे आली तेव्हा

वय बारा आठवडे, वजन ४.२ किलो, आणि गेल्या आठवड्यात वजन हललंच नव्हतं. लघवी झाली की किंचाळायची. शी होताना पाय पोटाशी घेऊन अंग ताठ करायची. अंगावर पिताना दोन-चार घोट घ्यायची आणि सोडायची. रात्री सलग तासभरही झोप नव्हती. आई उभ्याने, खांद्यावर घेऊन दूध पाजत होती, कारण मांडीवर घेतलं की नेमका जखमेवर भार यायचा. घरात झोळी होती. झोळीत घातलं की रडणं वाढतं हे सगळ्यांनी पाहिलं होतं. त्याचा अर्थ "हिला हाताची सवय लागली" असा काढला गेला होता. कापडाच्या खोळीत बाळाचं सगळं वजन कुल्ल्यांवर येतं आणि कातडीला कातडी घासते. झोळी सोडवली त्या दिवसापासून थोडा फरक पडला, औषध सुरू होण्याच्याही आधी.

लाल, उंचवट्याचा पट्टा साधारण ५ बाय ४ सेंमी. त्याच्या मधोमध, घडीच्या आत, २ बाय १.५ सेंमीची उघडी जखम. तळाशी पिवळट साका (मेलेल्या ऊतींचा थर), कडा उभ्या. दुपट्यावर रक्ताचे ठिपके. आत्तापर्यंत हळद-खोबरेल लावून झालं होतं आणि मेडिकलमधून आणलेली एक ट्यूब चालू होती, ज्यात स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. खाज असो, गजकर्ण असो की भाजलेलं असो, आपल्याकडे हीच ट्यूब हातात पडते. तान्ह्या बाळाच्या उघड्या जखमेवर ती चालवणं वाईटच.

सगळ्यात उपयोगी माहिती आईच्या मोबाइलमध्ये निघाली. तिने बहिणीला विचारायला म्हणून तीन फोटो पाठवले होते आणि प्रत्येकावर तारीख होती. पहिल्यात गुलाबी पट्टा, दुसऱ्यात टचटचीत लाल उंचवटा. तिसरा नवव्या आठवड्यातला: त्या लालीच्या मधोमध करडी-पांढरट झाक. घरच्यांना वाटलं, पांढरं पडतंय म्हणजे डाग जायला लागला. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाच्या हिमँजिओमावर अशी पांढरट झाक आली तर ती बहुधा चिघळण्याची आगाऊ खूण असते. ओसरण्याचा करडेपणा खूप पुढे, वर्षाच्या आसपास येतो. तो फोटो आणि पहिला रक्ताचा ठिपका यांत दीड आठवड्याचं अंतर होतं.

काय काय तपासलं

कमरेखालच्या भागात असा पसरट हिमँजिओमा असला की आत आणखी काही आहे का, हे पाहावं लागतं. मणक्याच्या टोकाशी मज्जारज्जू अडकलेला असणं, मूत्रमार्गाचे किंवा गुदद्वाराचे जन्मजात दोष, एखादं मूत्रपिंड नसणं, हे सगळं काही मुलांत एकत्र सापडतं. मणक्याची सोनोग्राफी साधारण चार महिन्यांपर्यंतच नीट दिसते. पुढे हाड घट्ट होतं आणि आतलं झाकलं जातं. म्हणून ती लगेच केली, पोटाचीही केली. दोन्ही ठीक. गुदद्वाराची जागा नेहमीची, कमरेवर खळगा किंवा केसांचा पुंजका नाही, पायांची हालचाल सारखी.

हिमोग्लोबिन ९.४. या वयात, त्यातून अपुऱ्या दिवसांच्या बाळात, ते तसंही खाली येतं, त्यामुळे सगळा दोष रक्तस्रावाला देता येत नव्हता. प्लेटलेट व्यवस्थित, प्लेटलेट खाणारी जी दुर्मीळ गाठ असते ती वेगळी, आणि ही ती नव्हती. जखमेचा स्वॅब (जंतू तपासायला कापसाच्या काडीने घेतलेला नमुना) आम्ही मुद्दाम घेतला नाही. लंगोटातल्या जखमेचा स्वॅब घेतला की जंतू सापडणारच, आणि मग रिपोर्टवर उपचार सुरू होतात. ताप नव्हता, आजूबाजूची कातडी गरम-सुजलेली नव्हती. तोंडाने अँटिबायोटिक दिलं नाही.

समोरचे पर्याय

घरच्यांना एकच पर्याय ठाऊक होता: लेसर. तालुक्याच्या गावात एका सौंदर्य क्लिनिकमध्ये "तीन सिटिंगमध्ये डाग काढून देतो" असं त्यांना सांगण्यात आलं होतं. यंत्र कुठलं, ते वडिलांनी फोटो काढून आणलं होतं. केस काढायचं डायोड लेसर. ८०० नॅनोमीटरच्या आसपासचा तो प्रकाश केसाच्या मुळातल्या काळ्या रंगासाठी नेमलेला आहे. सावळ्या बाळाच्या नाजूक जागी, उघड्या जखमेवर तो मारणं म्हणजे भाजणं. हे आम्ही स्पष्ट शब्दांत सांगितलं, आणि त्यावर बराच वेळ गेला, कारण "लेसर" हा शब्द त्यांच्या लेखी एकाच यंत्राचा होता.

लाल जन्मखुणांसाठी वापरतात ते पल्स्ड डाय लेसर: ५८५ किंवा ५९५ नॅनोमीटरचा पिवळा प्रकाश. रक्तातलं हिमोग्लोबिन तो शोषतं, क्षणभरात वाहिनी आतून तापते आणि बंद पडते, बाजूच्या ऊतींना फारशी झळ लागत नाही. अँडरसन आणि पॅरिश यांनी १९८३ साली मांडलेलं हे तत्त्व, आणि पोर्टवाइन डागांवर (जन्मापासूनचे सपाट, लाल-जांभळे डाग) आजही त्याचाच आधार घेतला जातो. मर्यादा खोलीची. हा प्रकाश जेमतेम मिलिमीटरभर आत पोचतो आणि हिमँजिओमा त्याच्या कितीतरी पट जाड असतो. २००२ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ब्रिटनमधल्या चाचणीत १२१ बाळांचे सुरुवातीचे, न चिघळलेले हिमँजिओमा घेतले होते. निम्म्यांना डाय लेसर, बाकीच्यांना नुसतं लक्ष ठेवणं. वर्षाच्या वयाला डाग जाण्याच्या बाबतीत दोन्ही गट जवळपास सारखेच निघाले, उलट लेसरवाल्या बाळांत कातडी पातळ होणं आणि पांढरे चट्टे जास्त. म्हणजे "डाग काढायला लेसर" ही मागणी इथे बसतच नव्हती. चिघळलेल्या जखमेची गोष्ट निराळी. तिथे डाय लेसरने दुखणं लवकर कमी होतं आणि कातडी भरायला मदत होते, असा अनेक केंद्रांचा अनुभव आहे. नेमकं कशाने, याचं पूर्ण उत्तर कुणाकडे नाही. आणि क्वचित लेसरनेच नवी जखम होते, हेही नोंदलेलं आहे.

दुसरा पर्याय प्रोप्रानोलॉल. रक्तदाबाची जुनी, स्वस्त गोळी. फ्रान्समध्ये बोर्दो इथे क्रिस्टीन लेओते-लाब्रेझ यांच्या गटाने २००८ साली कळवलं की हृदयाच्या त्रासासाठी ही गोळी दिलेल्या बाळाच्या नाकावरचा हिमँजिओमा दुसऱ्याच दिवशी मऊ पडला आणि लालभडकचा जांभळट झाला. २०१५ च्या चाचणीत, ४६० बाळांत, दिवसाला किलोमागे ३ मिग्रॅ सहा महिने दिल्यावर ६० टक्के बाळांत गाठ पूर्ण किंवा जवळपास पूर्ण ओसरली. औषध नसलेल्या, नुसत्या सरबतावर असलेल्यांत ४ टक्के. आज पहिलं औषध हेच. पण तिच्या बाबतीत तीन अडचणी होत्या. ती पोटभर पीत नव्हती, आणि या औषधाने उपाशी बाळाची साखर उतरते. घरात बालवाडीत जाणारा, सतत शेंबडा भाऊ होता, आणि छातीत घरघर लागली तर हे औषध थांबवावं लागतं. तिसरी, चिघळलेल्या गाठीत पूर्ण डोसने एकदम सुरुवात केली तर काही बाळांची जखम आधी वाढते, असं आता बरेच जण मानतात.

टिमोलॉल या प्रोप्रानोलॉलच्याच जातीच्या औषधाचे डोळ्यांचे थेंब वरून लावणं हा सोपा वाटणारा मार्ग. पातळ, न फुटलेल्या डागांवर आम्ही ते वापरतो. उघड्या जखमेतून ते सरळ रक्तात जातं, आणि किती गेलं हे मोजता येत नाही. नको. तोंडाने स्टेरॉइड हा जुना उपाय, आता क्वचितच लागतो. कापून काढणं या जागी अविचारच.

ठरलं ते असं: आधी दुखणं आणि ड्रेसिंग, सोबत कमी डोसमध्ये प्रोप्रानोलॉल, आणि दोन-तीन आठवड्यांत जखम हलली नाही तर लेसर. लेसर आधी का नाही? तसं योग्य डाय लेसर आमच्या जिल्ह्यात नव्हतं. पुण्याला जायचं, एका बैठकीचे पंधरा हजार, वर गाडीभाडं. शिवाय गाठ वाढीच्या भरात असताना वरचा मिलिमीटर बंद करून खालून ती फुगत राहणार होती.

पहिले दोन आठवडे

बालरोगतज्ज्ञांकडे दोन दिवस दाखल केलं. पहिल्या डोसनंतर एका तासाने आणि दोन तासांनी ठोके आणि रक्तदाब पाहिला, साखर पाहिली. सुरुवात दिवसाला किलोमागे अर्धा मिग्रॅ, दोन डोसांत विभागून; चौथ्या दिवसापासून १ मिग्रॅ. बाळांसाठीचं तयार पातळ औषध आमच्याकडे मिळत नव्हतं. १० मिग्रॅची गोळी १० मिली उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवायची, ठरलेले मिली सिरिंजने काढायचे, उरलेलं फेकायचं. आईने ते आमच्या देखत तीनदा करून दाखवलं. नियम दोन: पिल्यानंतरच डोस द्यायचा, आणि उलट्या झाल्या, पीत नसली किंवा छाती वाजू लागली तर डोस न देता फोन करायचा. ही गोळी कुणी घरच्या घरी, वाचून सुरू करायची नाही, हे वेगळं सांगायला नको.

दुसऱ्या पाकिटाच्या वेळी मेडिकलमधून ४० मिग्रॅची पट्टी मिळाली. नाव तेच. आईला पट्टीचा रंग वेगळा वाटला म्हणून तिने आधी फोटो पाठवला. तो फोटो आला नसता तर चौपट डोस गेला असता. तेव्हापासून आमच्या चिठ्ठीवर "१० मिग्रॅचीच गोळी, रिकामी पट्टी दाखवून घ्या" असं मराठीत लिहिलेलं असतं.

ड्रेसिंगवर आमचा सगळ्यात जास्त वेळ गेला, आणि ते योग्यच होतं. चिकटपट्टी अजिबात नाही. न चिकटणाऱ्या जाळीचा तुकडा घडीच्या आकाराने, मध्ये अरुंद आणि दोन्हीकडे रुंद कापायचा, त्यावर पांढऱ्या व्हॅसलिनचा जाड थर द्यायचा आणि तो नुसता टेकवायचा. लघवी झाली की वाइप्सने पुसायचं नाही. मग्यातून कोमट पाणी सोडायचं, मऊ सुती कापडाने टिपायचं, वर पुन्हा व्हॅसलीन. सुती लंगोट की डायपर, यावर आजींशी वाद झाला. जुन्या लुगड्याच्या लंगोटावर त्यांचा विश्वास. पण ओला लंगोट लघवी जखमेवरच धरून ठेवतो. डायपर ती शोषून घेतो. शेवटी रात्री एक माप मोठा, सैल डायपर, आणि दिवसा जमेल तितका वेळ मोकळं ठेवून खाली दुपटं, अशी तोड निघाली. साक्यासाठी मेट्रोनिडॅझॉल जेल, दुखण्यासाठी वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल ठरलेल्या वेळांना, रडल्यावर नव्हे. बधिर करणारं मलम दिलं नाही. या वयात, उघड्या जखमेतून ते धोक्याचं.

दोन आठवड्यांनी लाली मावळली होती, पट्टा मऊ लागत होता. जखम १.६ बाय १.२ सेंमी. वजन २५० ग्रॅमने वाढलं. लघवीच्या वेळचं रडणं मात्र होतं तसंच. इथे डोस वाढवायचा की थांबायचं, हा प्रश्न होता. आम्ही थांबलो, कारण जखम लहान होत होती.

औषध थांबवावं लागलं

साडेतीन महिन्यांच्या लसीच्या आसपास भावाची सर्दी तिला लागली आणि दोन दिवसांत छाती वाजू लागली. आईने डोस दिला नाही, फोन केला. ब्राँकिओलायटिस, म्हणजे फुप्फुसातल्या बारीक श्वासनलिकांची सूज. प्रोप्रानोलॉल पूर्ण बंद. ऑक्सिजन लागला नाही, पण घरघर बरेच दिवस राहिली, आणि बालरोगतज्ज्ञांचं मत पडलं की ती थांबल्यावरही आठवडाभर औषध नको.

गाठीने हा मोकळा वेळ साधला. लाली परतली, जखम २.५ बाय २ सेंमी झाली. एका पहाटे लंगोट रक्ताने भिजला. स्वच्छ कापडाने दहा मिनिटं सलग दाबून धरल्यावर थांबलं. हे आधी शिकवून ठेवलं होतं म्हणून घरी निभावलं. हिमोग्लोबिन ८.६. लोहाचे थेंब सुरू केले.

प्रकरणातला खरा निर्णय इथे होता. एक वाट म्हणजे ड्रेसिंगवर आठवडा काढून मग औषध पुन्हा सुरू करणं. ते चाललंही असतं. पण बाळ पुन्हा पीत नव्हतं. आणि न पिणाऱ्या बाळाला प्रोप्रानोलॉल सुरू करणं अवघड. दुखतं म्हणून पीत नाही, पीत नाही म्हणून औषध देता येत नाही, औषध नाही म्हणून दुखतं. हा फेरा औषधाबाहेरून कुठून तरी तोडायला हवा होता. लेसरला भूल लागत नाही, साखरेशी किंवा छातीशी त्याचं देणंघेणं नाही. आम्ही वडिलांना सांगितलं की डाग जाणार नाही; दुखणं कमी व्हावं आणि कातडी धरावी एवढ्यासाठीच जायचं आहे, आणि तेही होईलच असं नाही. "मग पंधरा हजार कशाचे?" त्यांनी विचारलं. प्रश्न रास्त होता. झोपेचे आणि पिण्याचे, असं उत्तर दिलं. त्यांनी एक दिवस मागून घेतला आणि मग गाडी ठरवली.

लेसर

वय सोळा आठवडे. निघण्यापूर्वी दूध आणि पॅरासिटामॉल. डोळ्यांवर बाळाच्या मापाचं झाकण, खोलीतल्या प्रत्येकाला चश्मा. यंत्र ५९५ नॅनोमीटरचं, प्रकाशाचा ठिपका ७ मिमी, ऊर्जा चौरस सेंमीला ५.५ ज्यूल, प्रकाशाच्या प्रत्येक ठोक्याआधी थंड फवारा. सावळ्या कातडीत मेलॅनिनही (कातडीला रंग देणारं द्रव्य) हा प्रकाश खातं, म्हणून ऊर्जा कमी ठेवतात. जखमेच्या तळाशी मात्र वरची कातडीच नसते, म्हणजे मेलॅनिनही नसतं. भाजण्याची भीती कडेला असते. त्यामुळे तळावर आणि लाल किनारीवर ठोके दिले गेले, बाहेरच्या धडधाकट कातडीला हात लावला नाही. वीसेक ठोके, दोन मिनिटं. रडली, खूप रडली, आणि आईच्या अंगाला लागल्यावर शांत झाली.

किनार तासाभरात जांभळी-काळी पडली. ही अपेक्षित खूण, आठ-दहा दिवसांत जाते. हे आईवडिलांना ठाऊक होतं. घरी असलेल्या आजींना कुणी सांगितलं नव्हतं. रात्री दहाला फोन: "डॉक्टर, पोरीला भाजून आणलंय हो!" समजूत काढायला वेळ लागला. पण त्या रात्री आजींनी जखमेवर काही लावलं नाही, हे महत्त्वाचं.

तिसऱ्या रात्री ती चार तास सलग झोपली. चौथ्या दिवशी लघवीला किरकिर होती, किंचाळणं नव्हतं. पिणं वाढलं. औषध अजून बंदच होतं. छाती मोकळी होऊन आठवडा झाल्यावर, म्हणजे लेसरनंतर सहाव्या दिवशी, प्रोप्रानोलॉल पुन्हा अर्ध्या मिग्रॅने सुरू झालं, मग १, आणि जखम निम्म्यावर आल्यावर २ मिग्रॅ.

दुसरी बैठक चार आठवड्यांनी ठरलेली होती. तोवर जखम अर्ध्या सेंमीची उरली होती, तळ लालसर आणि स्वच्छ, कडेने नवी गुलाबी कातडी आत सरकलेली. पुण्याच्या डॉक्टरांशी बोलून ती बैठक रद्द केली. लेसरकडून जे हवं होतं ते मिळालं होतं. उरलेल्या जागेवर पुन्हा ठोके देण्यात नव्या जखमेची जोखीम होती, आणि औषध आता व्यवस्थित चालू होतं. यावर मतभेद असू शकतात. बरीच केंद्रं दोन बैठका देतात.

निकाल

लेसरनंतर सातव्या आठवड्यात जखम पूर्ण भरली. पुन्हा फुटली नाही. प्रोप्रानोलॉल वयाच्या तेरा महिन्यांपर्यंत चाललं, दर भेटीत वजनाप्रमाणे डोस बदलून, आणि मग तीन आठवड्यांत कमी करत बंद केलं. नंतर लाली किंचित परतली, पण उपचार लागतील इतकी नाही. दीड वर्षांची झाली तेव्हा पट्टा फिकट, सपाट होता. जखमेच्या जागी पांढरट, थोडा सुरकुतलेला व्रण राहिला आहे. शी-लघवीला अडथळा नाही.

यातलं किती लेसरने झालं? दुखणं औषध बंद असतानाच, लेसरनंतर तीन-चार दिवसांत उतरलं, म्हणून त्याचं श्रेय मी लेसरला देते. त्याच दिवसांत सर्दीही पूर्ण गेली होती, हेही लक्षात ठेवावं लागेल. कातडी भरणं मात्र लेसर, औषध, ड्रेसिंग आणि वाढीचा काळ संपत येणं, या चौघांचं मिळून आहे. एका बाळावरून ते सोडवता येत नाही. व्रण लेसरने झाला का, असं आईने विचारलं. चिघळलेल्या हिमँजिओमात व्रण राहणं जवळपास ठरलेलं असतं. इतकी खोल जखम लेसरशिवाय भरली असती तरी राहिला असता.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात मोठी फट दीड महिन्याच्या लसीपाशी होती. अमेरिकेच्या बालरोग अकादमीचं २०१९ चं मार्गदर्शन सांगतं की जोखमीचा हिमँजिओमा महिन्याच्या वयापर्यंत तज्ज्ञाला दिसावा. आपल्याकडे ते प्रत्यक्षात उतरवायचं तर लसीच्या दिवशी लंगोट सोडून पाहणं आणि ओठ, मान, लंगोट यांवरचा डाग असेल तर "आपोआप जाईल" ऐवजी फोटो पुढे पाठवणं, एवढंच लागतं. सहाव्या आठवड्यात औषध सुरू झालं असतं तर, अपुऱ्या दिवसांमुळे डोस आणि वेळ बघून का होईना, जखम कदाचित झालीच नसती. त्या बाळाला लेसर लागलंच नसतं.

दोन आठवड्यांच्या भेटीत, लाली उतरली पण दुखणं हलत नव्हतं, तेव्हाच लेसरची तारीख घेऊन ठेवता आली असती. औषध कधीही थांबू शकतं हे भाऊ बालवाडीत असल्यामुळे दिसत होतं. तारीख घेतली असती तर रक्तस्रावाच्या आधीच पोचता आलं असतं. उलट, सर्दी झाली नसती तर ते पंधरा हजार उगाच गेले असते. या बाळाचं वजन आणि घरची परिस्थिती पाहता मी आजही दोन्ही बाजू तोलून पाहीन. आता अशा बाळांच्या बाबतीत मी पुण्याला आधी फोन करून ठेवते, तारीख न घेता.

लेसरनंतर कातडी कशी दिसेल याचा फोटो आधी घरातल्या सगळ्यांना दाखवायला हवा, विशेषतः जे ड्रेसिंग करतात त्यांना. या घरात ते काम आजी करत होत्या आणि सगळी माहिती आईवडिलांना दिली जात होती.

एमआरआयचा प्रश्न उरतो. सोनोग्राफी ठीक असली तरी ती मज्जारज्जूचे काही दोष चुकवते, आणि पट्टा कमरेच्या मध्यरेषेवर असता तर एमआरआय केलाच असता. इथे तो मध्यरेषेपर्यंत पोचत नव्हता, बाळाला भूल द्यावी लागली असती, हिमोग्लोबिन कमी होतं. म्हणून तो पुढे ढकलला आणि घरच्यांना लिहून दिलं: चालायला उशीर झाला, एक पाय ओढला किंवा बारीक वाटला, लघवी सतत ठिबकू लागली, तर वाट न पाहता यायचं. ती तेराव्या महिन्यात चालायला लागली. पुढची तपासणी अंगणवाडीत जाण्याआधी ठरली आहे. तेव्हा व्रणाकडेही पुन्हा पाहू, आणि त्याला काही करायचं की नाही ते तेव्हा ठरेल.